परक्या गावात बिऱ्हाड मांडताना

बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी सोलापूरहून चिपळूणला आले, तेव्हा जून महिना होता. कपडे वाळत नव्हते, ज्वारीचं पीठ कुठं मिळतं ते ठाऊक नव्हतं आणि शेजारच्या बायका भरभर बोलायला लागल्या की निम्मं डोक्यावरून जायचं. भाषा मराठीच, पण माझ्या कानाला वेगळी! हे सकाळी आठला कामावर जायचे. मग दिवसभर मी आणि पाऊस. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगो, घरात बसून काय करतेस? चल, तुला बाजार दाखवते." त्या एका दुपारी त्यांनी मला ज्वारी ठेवणारं दुकान दाखवलं, बायकांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दाखवला, वाचनालय दाखवलं, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं आणि कोणत्या दुकानात उधारी करायची नाही तेही सांगितलं. काकू आज नाहीत. पण त्या दिवशी त्या आल्याच नसत्या तर, असं अजून कधी कधी मनात येतं.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. बार्शीत वाढलेली, बी.एड. झालेली, चारचौघींत धीटपणे बोलणारी मुलगी. २०२२च्या फेब्रुवारीत ती नवरा आणि तीन वर्षांच्या मुलासह कॅनडाला गेली. कॅनडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोरांटो नाहीतर व्हँकुव्हर येतं. ही मात्र गेली मॅनिटोबा प्रांतातल्या एका आठ-नऊ हजार वस्तीच्या गावात. भाचेजावई मशिनिस्ट, शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना काम मिळालं होतं. गाव एवढंसं, थंडी उणे तीस आणि मराठी सोडाच, हिंदी बोलणारंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

पहिले पंधरा दिवस फोटो आले. बर्फातले, लाल जाकिटातले. नव्याचे नऊ दिवस! मग फोटो थांबले आणि रात्रीचे फोन सुरू झाले. "मावशी, चार दिवस झाले, ह्यांच्याशिवाय कुणाशी बोलले नाही गं. दुकानात गेले तर बाईनं काहीतरी विचारलं, मला कळलंच नाही. मी नुसती हसले आणि घरी आले." बी.एड. झालेली मुलगी ही! पुस्तकातलं इंग्रजी तिला येत होतं, पण त्यांच्या बोलण्यातलं कळत नव्हतं. मी इथून काय करणार? "होईल सवय" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसायचे.

तिसऱ्या आठवड्यात तिचा आवाज जरा वेगळा वाटला. तिच्या घरी एक बाई येऊन गेली होती. मूळची फिलिपिन्सची, वीस वर्षांपूर्वी स्वतःही अशीच तिथं आलेली. तिथल्या भाषेत तिला 'सेटलमेंट वर्कर' म्हणतात. नव्यानं आलेल्या कुटुंबाचं बस्तान बसवून देणं हेच तिचं काम. आल्या आल्या तिनं काय विचारावं? "तुझ्याकडे बर्फात घालायचे बूट आहेत का?" नव्हते. ती हिला आपल्या गाडीतून जुन्या चांगल्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेली. मग आरोग्याचं कार्ड, मुलाच्या लसीकरणाची नोंद, वाचनालयाचं सभासदत्व, बोलीभाषेतल्या इंग्रजीचा वर्ग, गाडी चालवण्याचा परवाना. एकेक गोष्ट कागदावर लिहून दिली आणि दोन ठिकाणी स्वतः बरोबर आली.

मी म्हटलं, "अगं, ही तर आमची काकूच की!"

भाची हसली. "हो मावशी, पण हिला पगार मिळतो."

ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. जे काम आपल्याकडं शेजारधर्म म्हणून, बाईनं बाईसाठी, कुणी मोजदाद न करता होतं, ते तिथं सरकार पैसे देऊन का करून घेतं? आणि ज्या गावात ते होत नाही, तिथं आपल्या मुलींचं काय होतं? त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाशी माझा स्वतःचा संबंध आहे. तो पुढं सांगते. आधी पहिला.

कॅनडा क्षेत्रफळानं जगातला दुसऱ्या क्रमांकाचा देश आणि लोकसंख्या चार कोटींच्या थोडी वर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. २०२१च्या तिथल्या जनगणनेनुसार दर शंभरात तेवीस माणसं बाहेरच्या देशातून येऊन स्थायिक झालेली आहेत. २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत जे नवे आले, त्यांतला जवळजवळ दर पाचवा माणूस भारतात जन्मलेला होता. पण यांतले निम्म्याहून अधिक टोरांटो, माँट्रियल आणि व्हँकुव्हर या तीनच महानगरांत जाऊन राहिले. आणि लहान गावं? तिथली तरुण मुलं शहरात निघून गेली, मागं म्हातारी माणसं उरली. इस्पितळाला नर्स मिळेना, कारखान्याला कामगार मिळेना, शाळेच्या वर्गात बाकं रिकामी. कोकणात राहणाऱ्या मला हे चित्र समजावून सांगायला नको. आपल्याकडं अशी घरं कुलूप लावून बंद होतात. त्यांनी बाहेरून माणसं बोलवायचं ठरवलं.

मॅनिटोबानं १९९८मध्ये सुरुवात केली. आम्हाला कोणती माणसं हवीत ते आम्हीच सुचवू, असं प्रांतानं केंद्र सरकारला सांगितलं. माझी भाची गेली ती याच मार्गानं. नंतर २०१७मध्ये पूर्वेकडच्या समुद्राकाठच्या चार प्रांतांसाठी वेगळी योजना आली, ती २०२२पासून कायमची झाली. २०१९मध्ये थेट लहान गावा-शहरांसाठी योजना निघाली आणि अकरा ठिकाणं निवडली गेली. त्यांत थंडर बे, सडबरीसारखी मोठी गावं होती, तसं जेमतेम चार हजारांच्या आतबाहेर वस्तीचं अल्बर्टातलं क्लेअर्सहोमही होतं. ती योजना ऑगस्ट २०२४मध्ये संपली आणि जानेवारी २०२५मध्ये तिच्या जागी चौदा ठिकाणांची नवी योजना जाहीर झाली.

पण माणूस आणणं सोपं, राहवणं कठीण. नोकरीसाठी गावात आलेलं कुटुंब वर्ष-दोन वर्षांत सामान बांधून टोरांटोची वाट धरतं, असा अनुभव त्यांना वारंवार आला. आता विचार करा, असा निर्णय घरात कसा होत असेल? नवऱ्याला कामावर चार माणसं भेटतात, मुलांना शाळेत मित्र मिळतात. एकटी पडते ती घरातली बाई. ती रमली नाही तर नोकरी कितीही चांगली असो, ते घर तिथं टिकत नाही. हे शहाणपण त्यांना उशिरा सुचलं, पण सुचलं. पूर्वेकडच्या प्रांतांच्या त्या योजनेत तर नियमच आहे. येणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या कुटुंबासाठी 'सेटलमेंट प्लॅन' तयार असायला हवा. घर, शाळा, भाषा, दवाखाना यांची विचारपूस करून तो लेखी बनवतात. नोकरीचं पत्र हातात दिलं म्हणजे कारखानदाराची जबाबदारी संपली असं नाही.

हे काम चालतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. पैसा मुख्यतः केंद्र सरकारचा, काम करतात स्थानिक सेवाभावी संस्था. नव्यानं आलेल्या कुटुंबाला काय येतं, काय हवं आहे, हे आधी विचारतात. मग इंग्रजीची पातळी तपासतात. तिच्या बारा पायऱ्या ठरवलेल्या आहेत. त्याप्रमाणे वर्गात घालतात. हे वर्ग 'लिंक' या नावानं १९९२पासून चालू आहेत आणि ते फुकट असतात. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे अनेक ठिकाणी वर्गाच्या शेजारच्याच खोलीत मुलं सांभाळायची सोय असते. आई शिकते आहे आणि पोर पलीकडं खेळतं आहे! आपल्याकडं बचत गटाच्या प्रशिक्षणाला बायका का येत नाहीत, यावर आपण किती बैठका घेतल्या असतील. मुलाला कुणाकडं ठेवायचं, हा प्रश्न त्यांतल्या किती बैठकांत निघाला होता, मैत्रिणींनो?

याशिवाय नोकरीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवतात. काही ठिकाणी शाळेतच असा कार्यकर्ता बसतो, म्हणजे मुलाला सोडायला आलेल्या आईला वेगळं कुठं जावं लागत नाही. आणि गावातलं एखादं जुनं कुटुंब नव्या कुटुंबाशी जोडून देतात. चहाला बोलवायचं, सणाला बोलवायचं, बाजारात बरोबर न्यायचं. म्हणजे पुन्हा काकूच!

लोकांनी मनावर घेतलं तर एवढंसं गाव काय करू शकतं, याचं एक उदाहरण सांगते. नोव्हा स्कोशिया प्रांतात अँटिगोनिश नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. सीरियात युद्ध पेटलं, तेव्हा दमास्कसमधल्या हदहद कुटुंबाचा चॉकलेटचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला. लेबनॉनमध्ये निर्वासित म्हणून तीन वर्षं काढल्यावर हे कुटुंब २०१५-१६च्या हिवाळ्यात अँटिगोनिशला आलं. गावकऱ्यांच्या एका गटानं त्यांची जबाबदारी घेतली होती. कॅनडात १९७९पासून अशी सोय आहे की साध्या नागरिकांनी एकत्र येऊन निर्वासित कुटुंबाचा वर्षभराचा भार उचलायचा. हदहदांनी घरच्या स्वयंपाकघरात चॉकलेट करून गावच्या बाजारात विकायला सुरुवात केली. मग गावातल्या सुतारांनी, वायरमननी, प्लंबरनी हातभार लावून घराशेजारी छोटंसं कारखान्याचं खोपटं उभं करून दिलं. आज 'पीस बाय चॉकलेट' हे नाव कॅनडाभर माहीत आहे आणि त्याच गावातल्या लोकांना तिथं नोकऱ्या मिळाल्या आहेत. २०२१मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला.

अशी गोष्ट वाचली की वाटतं, किती सुंदर! सुंदर आहेच. पण मी संस्थेच्या कामात आहे, त्यामुळे मला लगेच दुसरा प्रश्न पडतो. ज्या गावात असा गट नाही, तिथं काय?

तिथं काय होतं, ते मला २०२०च्या सुरुवातीला कळलं. आमच्या मंडळात एक आई रडत आली. तिची मुलगी लग्न होऊन कॅनडातल्या एका लहान गावी गेली होती. नवऱ्यानंच अर्ज करून तिला तिथं कायम राहण्याचा हक्क, म्हणजे पी.आर., मिळवून दिला होता. आणि आता तोच हात उगारत होता. पासपोर्ट, कार्ड, सगळे कागद त्याच्या कपाटात. "पोलिसांत गेलीस तर मी एक फोन करीन आणि तुला दुसऱ्या दिवशी विमानात बसवतील," असं तो म्हणायचा. जवळचं सेटलमेंट कार्यालय दीडशे किलोमीटरवर. तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि बस नव्हती. बस नसणं हे तिच्या एकटीचं दुर्दैव नव्हे. शेजारच्या सॅस्कॅचेवान प्रांतात सरकारी बससेवा २०१७मध्ये बंद झाली. ग्रेहाउंड कंपनीनं २०१८मध्ये पश्चिम कॅनडातल्या बहुतेक गाड्या थांबवल्या आणि २०२१मध्ये साऱ्या देशातल्याच बंद केल्या. ज्या गावात एस.टी. येत नाही, तिथल्या बाईला माहेर किती लांब असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. तिथं तर माहेर समुद्रापार.

ती आई मला विचारत होती, "ताई, मी पोरीला काय सांगू?" आणि मी काय सांगितलं? लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "थोडं सोसायला सांगा. कागद पक्के होईपर्यंत तरी." कुठंतरी अर्धवट वाचलेलं डोक्यात होतं, की तिथं दोन वर्षं नवऱ्याबरोबर राहावंच लागतं, नाहीतर हक्क जातो.

तो नियम खराच होता. २०१२च्या ऑक्टोबरपासून तो लागू होता. पण बायका मारहाण सोसत घरात अडकून पडतात, हे लक्षात आल्यावर २०१७च्या एप्रिलमध्ये तो रद्द झाला. मी सल्ला दिला तेव्हा त्याला जवळजवळ तीन वर्षं होऊन गेली होती! लग्न खरं असेल, तर नवऱ्यापासून वेगळी झाली म्हणून बाईचा पी.आर. जात नाही. नवऱ्याचा एक फोन तो काढून घेऊ शकत नाही. उलट बायकोला आणताना त्यानं सरकारला तीन वर्षांची हमी लिहून दिलेली असते, आणि भांडण झालं म्हणून तो त्यातून सुटत नाही. ज्यांना पी.आर. मिळालेला नाही आणि ज्यांचं तिथं राहणं नवऱ्यावर अवलंबून आहे, अशा छळ सोसणाऱ्या बायकांसाठीही जुलै २०१९पासून खास परवाना आहे. त्याला फी नाही, तो निदान सहा महिन्यांचा असतो, आणि त्याबरोबर कामाचा परवाना आणि औषधपाण्याची सोय मिळू शकते.

हे त्या मुलीला कुणी सांगितलं? मी नाही. तिच्या आईनं नाही. मुलाचं नाव घालायला ती शाळेत गेली, तेव्हा आठवड्यातून एकदा तिथं येऊन बसणाऱ्या सेटलमेंट वर्करनं तिला दहा मिनिटं बाजूला बसवून सांगितलं. ती दहा मिनिटं मिळाली नसती तर माझ्या सल्ल्यावर विसंबून ती पोर आणखी किती दिवस मार खात राहिली असती, या विचारानं मला अजून झोप लागत नाही. आज ती मुलासह दुसऱ्या गावात राहते, वृद्धाश्रमात नोकरी करते. तिच्या परवानगीनंच मी हे लिहिते आहे, नावगाव न सांगता.

म्हणून मला वाटतं, या सेवेची खरी परीक्षा लहान गावातच आहे. मोठ्या शहरात बाई एका दारावरून परत फिरली तर दुसरं दार असतं. ओळखीचं देऊळ असतं, मराठी मंडळ असतं. लहान गावात त्या एका टेबलाशिवाय दुसरं काही नसतं. तिथं एकच कार्यकर्ती फॉर्मही भरते, वर्गही जुळवते, दवाखान्यात दुभाषीही मिळवून देते. दुभाषी हीसुद्धा नाजूक गोष्ट बरं का! गावात आपली भाषा येणारा एकच माणूस असतो आणि तो बहुधा नवऱ्याचा मित्रच निघतो. त्याच्यासमोर बाई डॉक्टरांना काय सांगणार? अशा वेळी दूरच्या, अनोळखी दुभाष्याला फोनवर घेणं हेच शहाणपणाचं.

आता या व्यवस्थेतली भोकंही बघू या, कारण आपली मुलंमुली त्यांतूनच खाली पडतात.

पहिलं म्हणजे, केंद्र सरकारच्या पैशानं चालणारी ही मदत साधारणपणे पी.आर. मिळालेल्यांना आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांना असते. शिकायला गेलेला विद्यार्थी, तात्पुरत्या परवान्यावर हॉटेलात, शेतावर किंवा कारखान्यात राबणारा कामगार यांना ती बहुतेक मिळत नाही. म्हणजे ज्याच्या पायाखालची जमीन सर्वांत डळमळीत, त्यालाच दार बंद! ब्रिटिश कोलंबियासारखे काही प्रांत स्वतःच्या पैशातून अशांनाही मदत करतात, पण सगळीकडं तसं नाही. कर्ज काढून मुलाला तिकडच्या आडगावच्या कॉलेजात पाठवणाऱ्या आईवडिलांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

दुसरं भोक खास बायकांसाठीचं आहे. नागरिकत्व मिळालं की केंद्राच्या या फुकट वर्गांचा हक्क संपतो. पाच वर्षांत मिळून १०९५ दिवस तिथं राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. बाई म्हणते, मुलं जरा मोठी होऊ देत, मग शिकीन. तोवर घरातल्या सगळ्यांचे अर्ज एकदम भरले जातात, नागरिकत्वाचा समारंभ होतो, फोटो निघतात. आणि मग ती वर्गात नाव घालायला जाते, तेव्हा कळतं की आता उशीर झाला. नागरिकत्वापुरतं इंग्रजी तिनं कसंबसं गाठलेलं असतं, नोकरीपुरतं राहून जातं. आधी घरच्यांचं, मग आपलं, ही आपली सवय तिथं अशी महागात पडते.

तिसरं भोक सध्या मोठं होत चाललं आहे. घरांची टंचाई, वाढती भाडी यांमुळे तिथलं लोकमत फिरलं. ऑक्टोबर २०२४मध्ये सरकारनं पी.आर.ची संख्या कमी करायचं ठरवलं. २०२५साठी आधी पाच लाखांचा आकडा होता, तो ३ लाख ९५ हजारांवर आणला. नोव्हेंबर २०२४मध्ये पाच-पाच नागरिकांच्या गटांनी निर्वासितांची जबाबदारी घ्यायचे नवे अर्जही थांबवले. आणि माणसं कमी येणार म्हणून बस्तान बसवून देणाऱ्या संस्थांच्या अनुदानालाही कात्री लागली. हिशेब कागदावर बरोबर दिसतो. पण शहरातल्या वीस कर्मचाऱ्यांतले दोन कमी झाले तर अठरा उरतात. लहान गावात असते एकच. ती गेली की शून्य. आधी आलेली कुटुंबं तर तिथंच आहेत, त्यांचे वर्ग अर्धवट आहेत.

काही जण म्हणतात, आता सगळं संगणकावर होतं, कार्यालय हवं कशाला? करोनानंतर वर्ग ऑनलाइन झाले, हे खरं. आडगावातल्या बाईला त्याचा फायदाही झाला. माझी भाचीही दोन महिने तसंच शिकली. पण ती म्हणाली, "मावशी, पडद्यावर इंग्रजी शिकता येतं, पण बाजूला बसलेली बाई वर्ग संपल्यावर 'चल, तुला घरी सोडते' म्हणते, ते पडद्यावर होत नाही." आणि जिचा नवरा शेजारच्या खोलीत कान देऊन बसलेला असतो, ती पडद्यासमोर काय बोलणार?

मग आपण इथं बसून काय करायचं? मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. मुलीचं परदेशातलं स्थळ घेऊन कुणी सल्ल्याला आलं की पगार आणि बंगला यांच्याआधी मी चार गोष्टी विचारते. ती कोणत्या परवान्यावर जाणार? गावाचं नाव काय आणि तिथं बस आहे का? सेटलमेंट कार्यालय किती लांब आहे? आणि तिच्या कागदांच्या प्रती माहेरी राहणार आहेत का? पी.आर. मंजूर झालेल्यांना निघण्याआधीच घरबसल्या फुकट मार्गदर्शन मिळतं, ते नवऱ्याबरोबर मुलीनंही घ्यावं. गाडी चालवायला शक्य तर इथंच शिकून जावं. आणि पोचल्यावर पहिल्या महिन्यात वर्गात नाव घालावं, मुलं मोठी व्हायची वाट बघू नये. ९११ हा नंबर तर पाठच असावा.

आईनंही एक करावं. "सोस" म्हणण्याआधी तिथला आजचा कायदा विचारून घ्यावा. मी विचारला नव्हता.

माझ्या भाचीचं आता बरं चाललं आहे. शिक्षिकेचा तिथला परवाना मिळायला अजून कागदपत्रं चालू आहेत, तोवर ती गावच्या शाळेत मदतनीस म्हणून जाते. स्वतः गाडी चालवत जाते! मागच्या हिवाळ्यात तिनं त्याच कार्यालयात स्वयंसेविका म्हणून नाव दिलं. तिच्याकडं एक युक्रेनची बाई सोपवली आहे, दोन लहान मुली घेऊन आलेली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकंतोडकं, पण जमतं म्हणे.

"पहिल्या भेटीत काय बोललीस गं तिच्याशी?" मी विचारलं.

"काही नाही मावशी. बुटांचं विचारलं."